सुरुंगाची वेळ वहीत लिहा

खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजतात आणि आपण म्हणतो, घर हललं. पण यात दोन गोष्टी असतात, हवेतून येणारा दणका आणि जमिनीतून येणारा हादरा. भांडी, खिडक्या बऱ्याचदा दणक्यानंच वाजतात. भिंतीसाठी बघायचा तो जमिनीतला हादरा, आणि तो यंत्रानं मोजता येतो. खाण सुरक्षा महानिदेशालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे. संथ कंपनं, म्हणजे सेकंदाला आठपेक्षा कमी असतील, तर लोकांच्या राहत्या घरापाशी हादऱ्याचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. सगळी भोकं एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतरानं उडवली, तर हादरा कमी होतो. हे खाणवाल्यांना माहीत असतं बरं का!

आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून गिलावा केला, त्यालाही तडा गेला. उत्तर मिळालं, "तडा जुनाच आहे." तारीख कुठे लिहिलेली नव्हती, मग बोलणार काय?

आता आम्ही तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करतो, शेजारी तारीख घालतो. तडा वाढला की लगेच कळतं. सुरुंगाची वेळ बचत गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहितो. हिशेबाची सवय आपल्याला आहेच. अर्जात एवढंच मागायचं: यंत्र आमच्या भिंतीपाशी ठेवा, आणि नेहमीचाच बार मोजा, त्या दिवसापुरता हलका केलेला नको. तहसील कार्यालयात अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय परतू नका.