'कसंतरी होतंय'ला बटण नाही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील टेल्कोत, बजाजमध्ये नाहीतर एचएमध्ये होते. घरात कुणी आजारी पडलं की चौकातले फॅमिली डॉक्टर ठरलेले. आपण तोंड उघडण्याआधीच ते चेहरा बघून ओळखायचे. आता दवाखाना मोबाइलमध्ये आलाय. मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. रुग्णाने भरायचे फॉर्म हे त्यातलं मोठं काम. म्हणून आज हे सांगतेय.

मागच्या वर्षी आईला बरं वाटेना. ती निगडीत एकटी, मी हिंजवडीत मीटिंगमध्ये. मीच फोनवर म्हणाले, "ॲपवर डॉक्टरांना दाखव, मी संध्याकाळी येते." ॲपने विचारलं, छातीत दुखतं का? होय की नाही? आईने 'नाही' दाबलं. खोटं नव्हतं ते. तिला दुखत नव्हतं, दडपल्यासारखं, 'कसंतरी' होत होतं. त्याला बटणच नव्हतं. पित्ताची गोळी लिहून मिळाली. दुपारी शेजारच्या काकू डबा द्यायला आल्या. आईला दरदरून घाम फुटलेला बघून त्यांनी तिला थेट रुग्णालयात नेलं. हृदयविकाराचा झटका होता.

आई आता बरी आहे. पण मला झोप लागेना, कारण तो फॉर्म मी लिहिला असता तर असाच लिहिला असता. बायकांना, वयस्कांना, मधुमेहींना छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे.

मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. चाकण आपल्या लहानपणी कांद्याच्या बाजाराचं गाव होतं. आज तिथल्या कारखान्यांत देशभरातून आलेली मुलं रात्रपाळी करतात. त्यांना ना फॅमिली डॉक्टर, ना शेजारच्या काकू. फोनवर डॉक्टर भेटणं ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत तर लक्षणांवरून संभाव्य आजार सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. पण ती सुचवते डॉक्टरला. मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन नियमांत स्पष्ट लिहिलंय, की अशा यंत्रणेने रुग्णाला स्वतः सल्ला द्यायचा नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. शिवाय ई-संजीवनीत गावच्या आरोग्य केंद्रातून सल्ला घेताना रुग्णाशेजारी आरोग्य कर्मचारी असतो. तो बीपी मोजतो, चेहरा बघतो. माझ्या आईजवळ त्या वेळी कुणी नव्हतं.

आपल्या सगळ्यांचे आईवडील आता सत्तरीत आहेत आणि आपण कुणी बाणेरला, कुणी बंगळूरला, कुणी अमेरिकेत. म्हणून एवढंच सांगते. त्यांना ॲपवर एकटं सोडू नका. शेजारी कुणाला तरी बसवा. चालू औषधांची यादी आणि बीपी-शुगरचे आकडे हाताशी ठेवा. छातीत दडपण, धाप, अचानक घाम, वाकडं झालेलं तोंड किंवा अडखळणारी जीभ दिसली तर ॲप उघडू नका, १०८ ला फोन करा.

वर्गात "बरं वाटत नाही" म्हटलं, की आपल्या मराठीच्या बाई जवळ येऊन कपाळाला हात लावायच्या आणि विचारायच्या, "म्हणजे नेमकं काय होतंय?" आमच्या फॉर्ममध्ये आता पहिला प्रश्न तोच आहे, आणि उत्तरासाठी मोकळी जागा. हात लावायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागेल.