दोन आयतांची बंडी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या भगिनी-मेळाव्यात केलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय काय, अशी विचारणा करायला संस्थेकडून एक गृहस्थ आले होते. आम्ही म्हणालो, "क्रोशाची बंडी." त्यांनी वही उघडली, पेन काढले आणि पुन्हा विचारले, "विषय काय म्हणालात?" त्यांचा दोष नाही. पहिले व्याख्यान शिक्षणावर, दुसरे आरोग्यावर आणि तिसरे बंडीवर, हे ऐकायला जरा चमत्कारिकच वाटते. परंतु आमच्या पदरी बी. ए., बी. एड. या पदव्या असल्या तरी गेली कित्येक वर्षे शनिवारी दुपारी आम्ही या संस्थेच्या क्रोशेवर्गात सुई घेऊनच बसतो. तेव्हा जे हाताखालचे आहे तेच बोलावे, हे बरे.

प्रथम एक कबुली. हा वर्ग चालवावा की मिटवावा, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीपुढे आला होता, आणि त्यात काही वावगे नव्हते. वर्गात तयार काय होत होते? टेबलावरचे रुमाल, दाराची तोरणे, दुधाच्या भांड्यावर टाकायची मणी लावलेली जाळी. पूर्वी रेडिओवर रुमाल असे, मग तो टीव्हीवर चढला. आताचा टीव्ही भिंतीला चिकटलेला. त्याच्यावर रुमाल ठेवायचा कुठे? प्रदर्शनात मांडलेला माल संध्याकाळी आम्हीच घरी घेऊन येत होतो. कपाटे भरली, आणि वर्गात येणाऱ्या भगिनी मात्र पंधरावरून सहांवर आल्या. एका विश्वस्तांनी सरळ विचारले, "बाई, हे कोण वापरते?" आम्हांला उत्तर देता आले नाही. एक वर्षाची मुदत मागून घेतली, एवढेच.

त्या शनिवारी वर्गात आम्ही हाच प्रश्न फिरवून विचारला. इतकी वर्षे विणले. आपल्या स्वतःच्या अंगावर घालायला कोणी काय विणले? सर्वजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी नातवाची कुंची विणली होती, कोणी लेकीच्या परकराला झालर लावली होती. आमच्यात एक खालाजान आहेत. त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ नगावर मजुरी घेऊन नमाजाच्या टोप्या विणल्या. किती विणल्या याचा हिशेब त्यांना नाही. त्या म्हणाल्या, "बाई, मी माझ्यासाठी एक टाकासुद्धा घातला नाही." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही, आज पाऊस नाही म्हणतात, त्याच सुरात सांगितले.

तेव्हा ठरले, की अंगावर घालायचा कपडा विणायचा. आणि तो असा, की जिने आजवर सुई धरलेली नाही तिलाही जमावा. बाह्या नकोत, काज-बटणे नकोत, कुठे टाके वाढवणे-घटवणे नको. आमचे मन भूमितीकडे गेले. दोन आयत विणावेत, एक पुढचा, एक पाठीचा. खांद्यांवर आणि बाजूंनी शिवावेत. डोक्याला आणि हातांना जागा सोडावी. झाली बंडी. बेळगावच्या पावसाळी गारव्यात ती सलवार-कमीजवर चालते, साडीवरही चालते.

आता कृती सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी तेवढा वेळ चहाकडे लक्ष द्यावे.

सूत मध्यम जाडीचे घ्यावे आणि सुई ४ किंवा ४.५ मि.मी.ची. रुमालाची ती बारीक पोलादी सुई येथे उपयोगाची नाही. तिने बंडी विणायला बसाल तर नातवाच्या लग्नात घालाल. टाका अर्ध्या खांबाचा. सुईवर सुताचा एक वेढा घ्यावा, सुई टाक्यात घालून सूत ओढून आणावे. सुईवर तीन वेढे होतात. पुन्हा सूत घेऊन ते तिन्हींतून एकदम काढावे. मुका खांब घातला तर कापड ताठ होते, पूर्ण खांब घातला तर जाळी मोठी पडून आतले कपडे दिसतात. अर्धा खांब या दोहोंच्या मधला, आणि नवशिक्या हाताला तो लवकर बसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. आमच्या वर्गातील एका मुलीने मोबाईलवर पाहून विणायला घेतले आणि तिचा कपडा ठरल्यापेक्षा भलताच लांब आणि विरविरीत होऊ लागला. चूक तिची नव्हती. विलायती पुस्तकांत ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात. आणि अमेरिकेचे डबल ते विलायतेचे ट्रेबल. आपल्याकडची जुनी पुस्तके बहुधा विलायती वळणाची, मोबाईलवरची शिकवण बहुधा अमेरिकन. एका शब्दाचे दोन टाके! आपल्या आयाबायांनी मात्र मुका खांब, अर्धा खांब आणि खांब अशी नावे ठेवली आहेत, ती कोणत्याही देशात बदलत नाहीत. आम्हांला या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो, हे लपवत नाही.

कपडा सुरू करण्यापूर्वी नमुना विणावा. १५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा विणून तो धुवावा, सपाट वाळवावा आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमधील टाके मोजावेत. कडेचे टाके ओढलेले असतात, ते मोजायचे नाहीत. वर्गात नमुन्याला सर्वांत जास्त विरोध होतो. "बाई, तेवढ्या वेळात चार ओळी झाल्या असत्या!" झाल्या असत्या खऱ्या, पण कोणाच्या मापाच्या? प्रत्येकीचा हात निराळा असतो. एकच सूत आणि एकच सुई देऊन तिघींकडून तुकडे विणवा. तीन मापे निघतात.

नमुन्याचा दुसरा उपयोग आमच्या गणिताच्या सवयीतून निघाला. सूत किती आणावे, हे कोणी नेमके सांगू शकत नाही, आणि कमी पडले तर मागाहून त्याच रंगाच्या त्याच घाणीचे सूत मिळेलच असे नाही. रंगात किंचित फरक पडतो आणि तो नेमका पोटावर दिसतो. तेव्हा नमुना वजन करून पाहावा. १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. आपल्या बंडीचे दोन आयत ५२ बाय ५६चे धरले तर क्षेत्रफळ ५८२४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे नमुन्याच्या सुमारे २६ पट. नमुना १४ ग्रॅम भरला तर ३६४ ग्रॅम सूत लागेल. शिवण आणि काठ धरून ४०० ग्रॅम एकदमच आणावे. शाळेत ज्यांनी "क्षेत्रफळ आयुष्यात कुठे लागते?" असे विचारले होते, त्यांच्यापैकी दोघी आज समोर बसल्या आहेत.

आता माप. छाती ९२ सेंटिमीटर असेल तर सैलपणासाठी १२ वाढवून १०४ धरावे. त्याच्या निम्मे ५२, ही एका आयताची रुंदी. नमुन्यात १० सेंटिमीटरला १४ टाके आणि १० ओळी आल्या असतील तर रुंदीला ७३ टाके आणि ५६ सेंटिमीटर लांबीला ५६ ओळी. आरंभी ७५ साखळ्या घालाव्यात, सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घ्यावा, ७३ होतात. साखळी हात आवळून घालू नये, नाहीतर खालची कड पिशवीच्या तोंडासारखी आवळते. प्रत्येक ओळीच्या शेवटी वळताना दोन साखळ्या. त्यांना टाका म्हणून मोजायचे नाही, आणि पुढचा अर्धा खांब अगदी पहिल्याच टाक्यात घ्यायचा. नवशिक्यांचे टाके हरवतात ते येथे. कडेचा टाका सुटतो, ७३चे ७२ होतात, ७२चे ७०, आणि आयताचा समलंब चौकोन होतो. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवावी, आणि दर चार ओळींनी मोजावे. गप्पा मारत मोजू नये.

दोन्ही आयत झाले की खांदे जोडायचे. आणि येथेच आमची फजिती झाली. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला होता: दोन्ही खांद्यांना २१-२१ टाके, मधे उरले ३१, म्हणजे २२ सेंटिमीटरचा गळा. दिसायला सुबक. वर्गातल्या एका मुलीने पहिली बंडी पुरी केली, सर्वजणी उभ्या राहून पाहू लागल्या, तिने ती डोक्यावरून घेतली, आणि ती कपाळापाशीच अडकली. मुलगी आत, आवाज आत, आणि बाहेर आम्ही फळ्याकडे पाहत उभे.

खालाजान कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाई, टोपीला छप्पन्न लागतात. तुमच्या गळ्याला चव्वेचाळीसच आहेत."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. गळा सपाट मोजला की २२, पण डोके सपाट नसते. घेर ४४ झाला, आणि मोठ्या माणसाचे डोके ५६च्या आसपास असते. हे माप त्यांच्या बोटांत वीस वर्षे बसलेले होते. टोपी विणताना मध्यातून सुरुवात करून फेरी-फेरीला टाके वाढवत नेतात, आणि चकती सुमारे १८ सेंटिमीटरची झाली की वाढवणे थांबवतात. मग बाजू आपोआप खाली उतरते. ५६ला ३.१४ने भागा, हेच उत्तर येते. त्यांनी भागाकार कधी केला नव्हता, उत्तर मात्र रोज विणले होते. आम्ही खांद्याचे टाके २१चे १७ केले, मधे ३९ उरले, गळा २८ सेंटिमीटर झाला. डोके गेले.

राहिलेले थोडक्यात. वरून २२ ओळी हातासाठी मोकळ्या सोडाव्यात, खाली ८-१० सेंटिमीटरची चीर ठेवावी, मधले शिवून टाकावे. गळ्याला आणि हातांना मुक्या खांबाची एक फेरी दिली की कड बसते. सुती बंडी धुतल्यावर दोरीवर टांगू नये. पाण्याच्या वजनाने ती गुडघ्यापर्यंत येते. टॉवेलवर पसरून वाळवावी, मग आपल्या पावसात दोन दिवस लागले तरी चालतील. कृत्रिम लोकरीची असेल तर इस्त्री लावू नये.

वर्षअखेर कार्यकारिणीपुढे आठ बंड्या नेल्या. तेच विश्वस्त म्हणाले, "छान! आता या विकायला काढा." या बाबतीत आमचे आणि त्यांचे आजही एकमत नाही, आणि ते समोर बसले असतानाच सांगतो. एका बंडीत ७३ गुणिले ५६ गुणिले २, म्हणजे ८१७६ टाके असतात. नवशिका हात मिनिटाला दहा टाके घालतो असे धरले तर सुमारे चौदा तास; शिवण आणि काठ धरून सोळा. म्हणजे पुऱ्या दोन दिवसांची रोजंदारी. सूत वेगळे. ही किंमत लावली तर गिऱ्हाईक पाठ फिरवते, आणि कमी लावली तर तो फरक विणणारीच्या खिशातून जातो. खरा क्रोशे यंत्रावर निघत नाही. बाजारात तो स्वस्त दिसला, तर कुठेतरी कोणाच्या तरी हाताला कमी मिळाले असे समजावे.

ही गोष्ट नवी नाही. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचे पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा तेथील बायकांनी क्रोशाच्या लेसवर संसार तगवले. क्लोन्स या गावी १८४७मध्ये कॅसांड्रा हँड नावाच्या धर्मोपदेशकाच्या पत्नीने हे काम सुरू केले, ते नाव आजही त्या लेसला आहे. आपल्याकडे आंध्रातील नरसापूरला स्कॉटिश मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात लेस शिकवली. तेथल्या बायकांवर मारिया मीस या विदुषीने १९८२ साली पुस्तक लिहिले. त्यात मुख्य मुद्दा हा, की परदेशी जाणारा माल घरोघरी विणणाऱ्या या बायकांना कोणी कामगार म्हणतच नव्हते. त्या गृहिणी, आणि विणणे हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग! आमच्या शहापूर-वडगावच्या मागांवर बसणाऱ्याला निदान विणकर तरी म्हणतात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच होते, की विकायचे तर तास मोजून विकावे, नाहीतर स्वतः घालावे. कार्यकारिणीने वर्ग चालू ठेवला, आणि मागणी आली तर तासांच्या हिशेबाने किंमत लावावी असे ठरवले. आतापर्यंत तीन बंड्या त्या भावाने गेल्या आहेत. तीनच, पण त्या भावाने.

खालाजानांची बंडी सर्वांत शेवटी पुरी झाली. माप घ्यायला आम्ही फीत काढली तेव्हा त्या मागे सरल्या. "माझं माप कशाला, बाई? टोपीचं माप मला पाठ आहे." शेवटी त्यांच्या सुनेने माप घेतले. त्यांनी सुताचा रंग गर्द हिरवा निवडला, आणि गळ्याच्या काठाला टोपीवरची तीच नक्षी घातली. आमच्या कृतीत ती नव्हती, आता आहे.

वर्ग शनिवारी दुपारी तीनला भरतो. नव्या भगिनींनी ४ मि.मी.ची सुई, मोजायची फीत आणि सहा सेफ्टी पिना आणाव्यात. सूत फिक्या रंगाचे आणावे, काळे आणू नये. संध्याकाळी दिव्याखाली काळ्या सुताचे टाके दिसत नाहीत आणि मोजणी चुकते.