डिकीचा तळ

बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघते. पोलाद तयार करताना त्यातील गंधक व प्राणवायू यांचा दोष या धातूने दूर होतो आणि पोलादाला कणखरपणा येतो; गंजापासून मात्र तो त्याचे रक्षण करीत नाही. वैनगंगेकाठच्या या मुलखात पावसाळा मोठा. तेव्हा येथील एखाद्या घरी जतन केलेल्या अ‍ॅम्बॅसडर मोटारीचा रंग आरशासारखा लखलखत असला, तरी डिकीतील चटई उचलून पाहिल्यावाचून मालकाने निर्धास्त राहू नये. उत्तरपाड्याच्या कारखान्यात या मोटारी बनणे २०१४ साली थांबले. आहे तीच आता सांभाळावयाची.

पाणी डिकीत येते ते बहुधा वरून. झाकणाचे रबर वाळून चिरते, आणि ओघळलेले पाणी चटईखाली दडून बसते. गंज सच्छिद्र असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, आतले लोखंड पुन्हा उघडे पडते, आणि एके दिवशी बोट लावताच पत्र्याला भोक पडते.

ही भोके केवळ सामानापुरती धोक्याची, असे समजणे चुकीचे होय. सायलेन्सरची नळी याच बाजूने बाहेर जाते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड भोकांवाटे डिकीत व तेथून मागील आसनापर्यंत पोहोचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड झाले तर प्रवासी बिचारा उन्हाला दोष देतो! शिवाय या मोटारीला निराळी चासी नसल्याने तळ हा सांगाड्याचाच भाग ठरतो. लांबी भरून वर डांबर फासण्याची रीत सर्रास आढळते. तिला दुरुस्ती म्हणता येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी व पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी. रिकामी टाकी निरुपद्रवी, ही समजूत अधिकच घातक. भडकते ती पेट्रोलची वाफ. मग सांगाड्याला खालून टेकू द्यावा, टोच्याने ठोकून पाहावे आणि निरोगी धातू लागेपर्यंत पत्रा कापावा. येथे कंजुषी करणाऱ्याला दोन पावसाळ्यांत तेच काम पुन्हा करावे लागते. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम वीस गेजचा पत्रा घडवावा. जुन्या तळावरचे उंचवटे शोभेसाठी नसतात. त्यांनीच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. वेल्डिंगचे टाके सलग न घालता आलटूनपालटून दूरदूर घालावेत, नाहीतर उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. जस्ताचा मुलामा असल्यास सांध्यापुरता तो घासून काढावा, कारण त्याचा धूर श्वासात गेल्यास ताप भरतो.

सायलेन्सरच्या वर उष्णतारोधक म्हणून कोणी पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस बसविले असेल, तर ते कोरडे खरवडू नये. त्याचे तंतू फुप्फुसाला कायमचे बाधतात. माहीतगाराकडून ते ओले करून काढवावे. त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा पुरे होतो. तो तळाला चिकटवू नये, बोटभर अंतर सोडावे. धातू उष्णता परतवितो, आणि मधल्या फटीतून वाहणारी हवा उरलेली नेते.

सांधे भरून रंग वाळला म्हणजे रात्री गाडीखाली दिवा ठेवावा आणि डिकीत डोकावून पाहावे. प्रकाशाची एक रेघ दिसली तरी तेवढा सांधा पुन्हा भरावा. चटई त्यानंतर अंथरावी.