निझरचं पेट्रोल, घरची वीज

मंडळी, नंदुरबारजवळच्या कोरीटमध्ये बसून मोटारीचा हिशेब करायचा, तर शोरूमवाल्याचा कागद आधी बाजूला ठेवा. तो पेट्रोल महाराष्ट्राच्या भावानं धरतो. आपली माणसं गुजरातेत निझर-उच्छलकडे गेली की टाकी फुल करूनच परततात, कारण सीमेपलीकडे लिटरमागे दहाएक रुपये वाचतात. म्हणून आपण 105 नव्हे, 95 रुपये धरू. गाडी पंधराचं ॲव्हरेज देत असेल, तर किलोमीटरला सहा रुपये तीस पैसे झाले. (खास पेट्रोलसाठी निझरला जाणाऱ्यानं जाण्यायेण्याचं पेट्रोलही त्यात मिळवावं!)

विजेची गाडी एका युनिटात सहा किलोमीटर धरू. युनिटला दहा रुपये. कारण महावितरणचा दर टप्प्यानं चढतो आणि गाडी घरात आली की शंभर युनिटांचा स्वस्त टप्पा मागे पडतो. म्हणजे किलोमीटरला एक रुपया पासष्ट पैसे. वाचले चार रुपये पासष्ट पैसे.

आता किंमत. पेट्रोलची 11 लाखांची आणि विजेची 14 लाखांची धरा. पेट्रोलच्या गाडीवर या किमतीला 12 टक्के मोटार वाहन कर, म्हणजे 1 लाख 32 हजार. विजेच्या गाडीला राज्यानं तो माफ केलाय. खरा फरक उरतो 1 लाख 68 हजारांचा. तो भरून निघायला सुमारे 36 हजार किलोमीटर लागतात. समृद्धी महामार्गावर टोलमाफीही आहे, पण सुरतेच्या वाटेवरच्या माणसाला तिचं काय?

प्रश्न आहे तो हे 36 हजार कोण आणि किती दिवसांत चालवणार. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याला पाच वर्षं लागतील. त्यात कर्जाचं व्याज धरा, शिवाय जुनी विकताना विजेच्या गाडीला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्याचं वर्षभरात वसूल. माझं मत स्पष्ट आहे: लग्नकार्यापुरती बाहेर निघणारी गाडी पेट्रोलचीच असू द्या. विजेचा खरा फायदा शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडे दिवसभर माणसं वाहणाऱ्या कालीपिलीला. पण तिच्यासारखी दणकट, दहा माणसं बसवणारी विजेची जीप कुठे आहे? गरज तिथे, आणि जाहिराती आपल्या दारात!

वाटेतलं फास्ट चार्जिंग युनिटला वीस रुपयांच्या वर गेलं, की किलोमीटरमागची बचत तीन रुपयांच्याही खाली येते. घरची वीज हाच या गाडीचा जीव. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळतं. तेवढी पॅनेलं दिवसाला बाराएक युनिटं देतात, म्हणजे सत्तर किलोमीटर. उन्हाची तर आपल्याकडे ददात नाही. मात्र मे महिन्यात गाडी सावलीत लावा; बॅटरीला ते ऊन मानवत नाही.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी वायरमनला घरी बोलवा. मंजूर भार किती आहे ते बघा, अर्थिंग तपासून घ्या, चार्जरला मीटरपासून वेगळी लाइन ओढा. शेतपंपाच्या लाइनवर गाडी लावायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो काढून टाका. तिथली सवलतीची वीज शेतीसाठी आहे.