रजोनिवृत्तीची लक्षणे : ओळख आणि सावधगिरी



आमच्या बाह्यरुग्ण विभागात पंचेचाळिशीच्या अनेक भगिनी सांधेदुखी वा निद्रानाशाची तक्रार घेऊन येतात. पाळीचा विषय आम्ही विचारल्यावरच निघतो. पाळी अनियमित होणे, अंगातून एकाएकी गरम वाफा निघणे, रात्री घाम येऊन जाग येणे, चिडचिड, विस्मरण, योनिमार्गाची कोरड ही रजोनिवृत्तीची लक्षणे असू शकतात. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. वयाच्या ४५ वर्षांनंतर त्यासाठी सहसा रक्ततपासणी लागत नाही. ४० वर्षांपूर्वी पाळी थांबल्यास मात्र तपासणी आवश्यक ठरते.

तथापि, ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य आम्हांस धोक्याचे वाटते. अतिरक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मधे किंवा शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव वयावर ढकलू नये. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासून घ्यावे. बहुधा कारण साधे निघते. परंतु गर्भाशयाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षणही असू शकते, आणि वेळीच निदान झाल्यास तो बरा होऊ शकतो.

घरातील माता-भगिनी हे सहसा आपणहून सांगत नाहीत. म्हणून घरच्यांनीच आपुलकीने विचारावे, ही आमची नम्र विनंती.