निकाल लागला, पण पवनचक्क्या फिरतच राहिल्या

आज मी एका न्यायालयीन निकालाबद्दल बोलणार आहे. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी तो एकमताने दिला. फोसेन द्वीपकल्पावर स्टोरहेया आणि रोआन इथे १५१ पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांचे परवाने न्यायालयाने बेकायदा ठरवले.

दावा होता सामी लोकांचा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा उत्तर भाग हा सामी आदिवासींचा मुलूख. फोसेनवरची सामी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळतात. आता कोणी म्हणेल, एवढं मोठं रान पडलंय, जनावरं बाजूला चरतील. पण सगळी अडचण हिवाळ्याची आहे. बर्फाखालचं दगडफूल खुरांनी उकरून रेनडिअर जगतात, आणि बर्फ फार जाड किंवा कडक असेल तर ते उकरता येत नाही. म्हणून वारा लागणारे, पातळ बर्फाचे उंच माळच हिवाळ्यात उपयोगी पडतात. वीज कंपनीलाही वाऱ्याचे तेच माळ हवे होते. रेनडिअर फिरत्या पात्यांजवळ जात नाहीत. हिवाळी कुरण गेलं की कळप कमी करावा लागतो, आणि तो एका मर्यादेपलीकडे कमी झाला की धंदाच बंद.

खालच्या न्यायालयाने यावर तोडगा काढला होता: सुमारे नऊ कोटी क्रोनर भरपाई घ्या, हिवाळ्यात जनावरांना कुंपणात चारा घाला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. या लोकांची संस्कृती म्हणजेच कळपामागे फिरणं. दावणीच्या चाऱ्याने ती टिकेल याची खात्री काय? हरित ऊर्जेचा मुद्दाही न्यायालयाने ऐकला, पण ती कमी नुकसान करणाऱ्या दुसऱ्या जागीही निर्माण करता आली असती, असं सांगितलं.

निकालाचा आधार होता नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं २७ वं कलम. ते मुद्दाम वाचा. त्यात ‘आदिवासी’ हा शब्द नाही. वांशिक, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपली संस्कृती, धर्म आणि भाषा जपण्याचा हक्क नाकारू नये, असं ते म्हणतं. म्हणजे आपणही त्यात येतो. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. फरक देशाच्या कायद्यात आहे. नॉर्वेने १९९९ मध्ये कायदा करून या कराराला इतर कायद्यांपेक्षा वरचं स्थान दिलं, म्हणून सामी मेंढपाळ, चुकलो, रेनडिअरपाळ, थेट त्यावर दावा लढवू शकले. आपल्याकडे संसदेने कायदा केल्याशिवाय करार थेट लागू होत नाही. न्यायालयं घटनेचा अर्थ लावताना त्याचा आधार घेतात, पण दाव्यात आपलं मुख्य बळ घटनेचंच. संस्कृती, भाषा, लिपी जपण्याच्या हक्काचं कलम २९ आपण सगळ्यांनी वाचलेलं असावं.

इतका भक्कम निकाल मिळूनही पुढे काय झालं? परवाने बेकायदा, पण पवनचक्क्यांचं काय करायचं हे न्यायालयाने सांगितलं नाही. दावा चालू असतानाच बांधकाम सुरू करायला सरकारने परवानगी दिली होती. वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये स्टोरहेयाचं काम थांबवा, अशी विनंती केली, तीही मानली नाही. निकाल येईपर्यंत सगळं उभं राहून वीज सुरू झाली होती. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एकदा चालू झालेली सिस्टिम मागे घ्यायला कोणी तयार नसतं, हे रोज बघतो. माझ्या मते खरी हार निकालानंतर झालीच नाही, ती स्थगिती मिळाली नाही तेव्हाच झाली होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, निकालाला ५०० दिवस होत आले तेव्हा, तुमच्याच वयाची सामी मुलंमुली पारंपरिक पोशाखात ऑस्लोच्या ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसली. पोलिसांनी उचलून बाहेर काढलं तरी ती मंत्रालयांच्या दारांत बसत राहिली. ग्रेटा थुनबर्ग त्यांच्यासोबत होती, पवनचक्क्यांच्या विरोधात! मार्चमध्ये सरकारने माफी मागितली. मग डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण फोसेनच्या आणि मार्च २०२४ मध्ये उत्तर फोसेनच्या रेनडिअरपाळांशी तडजोडीचे करार झाले. पवनचक्क्या मात्र तिथेच आहेत.