आकडा आणि गाव

टेबलं मांडून बसलेले व्यापारी, आणि खिशात भिंग घालून ‘नुसतं बघायला’ आलेले मित्रहो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, तरी फार लांबण लावत नाही. शेजारच्या दालनात प्रदर्शन सुरू झालंय, आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी सकाळीच एखादं नाणं हेरून ठेवलंय. माझं भाषण रंगलं तर ते नाणं दुसऱ्याच्या खिशात जाईल.

काल टेबलं लागत असताना मी त्या दालनात एक चक्कर मारली. पूर्वी व्यापारी नाणं तळहातावर ठेवायचा. आपण ते कडेला धरून फिरवायचो, वजन अजमावायचो, टेबलावर वाजवून बघायचो. (वाजवू नये. पण वाजवायचो.) आता नाणी सीलबंद पारदर्शक प्लास्टिकमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, ओळीने उभी असतात आणि गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘नंबर किती?’ राजा कोण, टाकसाळ कुठली, हे त्यानंतर. या नंबराशी माझं भांडण नाही; तो सगळं सांगतो असं मानण्याशी आहे.

सत्तर गुणांची ही मोजपट्टी अमेरिकेतली. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी प्रत ठरवून दिली. मुळात तो किमतीचा हिशेब होता. जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरचं धरलं, तर तेच निर्दोष मिळाल्यास सत्तर डॉलरचं. बाजाराने हा हिशेब मोडीत काढला, आकडे मात्र राहिले. याच गृहस्थांनी माणसांच्या देहयष्टीलाही आकडे दिले होते. आणि पुढे असंही उघडकीला आलं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी आपले कमी प्रतीचे ठेवण्याचा उद्योग त्यांनी केला होता. प्रतीतला फरक त्यांना अचूक कळत होता, एवढं मान्य करायला हवं.

नंबर देण्याचा धंदा उभा राहिला तो १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या निघाल्यावर. त्याआधी विकणारा सांगायचा पासष्ट, तेच नाणं परत घेताना म्हणायचा त्रेसष्ट. या भांडणात तिसरा, व्यवहाराशी संबंध नसलेला माणूस हवा होता. नाणं कुणाचं हे परीक्षकाला सांगायचं नाही, एकाहून अधिक परीक्षकांनी ते स्वतंत्रपणे बघायचं, मग प्रत ठरवून डबी बंद करायची, अशी ही पद्धत. आपल्याकडच्या नव्या संग्राहकाला तिचा फायदा झालाय, हे मी मोकळेपणाने सांगते. १९३९ चा जॉर्ज सहाव्याचा रुपया घ्या. १९४० पासून रुपयातली चांदी बारा भागांतल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आली, जुने रुपये परत घेऊन वितळवले गेले, आणि १९३९ चे फार थोडे मागे राहिले. त्यामुळे साल बदललेले, साच्यात ओतलेले नकली रुपये बाजारात मुबलक. असा रुपया पहिल्यांदाच घेणाऱ्याने स्लॅबमधला घ्यावा, आणि त्यावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावा. कारण आता स्लॅबही नकली निघतात.

पण व्यापारी मित्रहो, तुम्हाला माहीत असलेली एक गोष्ट इथे उघड बोलते. त्रेसष्ट मिळाले की डबी फोडायची, नाणं पुन्हा पाठवायचं, चौसष्टची वाट बघायची. एका आकड्याने किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून तेच नाणं दोनदा-तीनदा जातं. डबीतली जुनी चिठ्ठी परत केली नाही तर कंपनीच्या नोंदीत एका नाण्याची दोन-तीन नाणी होतात. मग त्या नोंदी दाखवून आपणच एकमेकांना दुर्मीळतेचे हिशेब सांगतो. नाणं बदललेलं नसतं. मत बदललेलं असतं, आणि मताला आपण माप म्हणत असतो.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांपुरतं हेही चालून जातं. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया एका वजनाचा, एका कसाचा झाला. टाकसाळीतून बाहेर पडताना तो कसा होता हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे किती झिजला हे सांगता येतं. शिवराईचं काय करायचं? एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा हाताने मारलेला, तांब्याचा तुकडा बऱ्याचदा ठशाहून लहान, त्यामुळे ‘श्री’ आला तर ‘शिव’ अर्धा बाहेर. अक्षर दिसत नाही ते झिजल्यामुळे, की मुळात उमटलंच नव्हतं? हे ठरवायला शेकडो शिवराया हाताखालून जाव्या लागतात. एनजीसीलाही ही अडचण कळली आहे. प्राचीन नाण्यांसाठी तिथे ठसा आणि पृष्ठभाग यांना वेगवेगळे, पाचपैकी गुण देतात. आमच्या प्रदर्शनांत मात्र शिवराया अजून ढिगाने विकल्या जातात, आणि खरं सांगायचं तर मला त्या ढिगाशी बसायला स्लॅबच्या रांगेपेक्षा जास्त आवडतं. अक्षरांच्या वळणातले फरक, रेघेखालची चिन्हं, ठिपक्यांच्या कडीची ठेवण, हे सगळं त्या ढिगात शिकायला मिळतं, तेही फुकट.

नाण्याची पारख या मुलुखाला नवी नाही. शेकडो टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत होते, तेव्हा सराफ आणि पोतदार नाणं पारखून त्यावर बट्टा ठरवत. पारख झाल्याची खूण म्हणून सराफ रुपयावर आपला बारीक छाप मारी. असा रुपया आज ग्रेडिंगला पाठवला तर त्या छापासकट त्याला ‘इजा झालेला’ ठरवून नंबर नाकारला जाण्याचा संभव मोठा. आधीच्या परीक्षकाची सही नंतरच्या परीक्षकाला इजा वाटते!

देवघरातल्या रुपयाचंही तेच. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारा राणीछाप रुपया दरवर्षी चिंचेने घासलेला असतो, त्याच्या खाचांत हळदीकुंकू बसलेलं असतं. माळेतल्या मोहरेला सोनाराने डाख देऊन कडी लावलेली असते. ग्रेडिंगच्या भाषेत ही सगळी खराब झालेली नाणी. पृष्ठभागापुरतं ते खरंही आहे. नाणी घासू नका, हे मी शाळा-शाळांतून सांगत आले आहे आणि इथेही सांगते. पण घासलेला आजीचा रुपया विकून चकचकीत स्लॅब घेणाऱ्याने आधी एवढं लक्षात घ्यावं, की त्या रुपयाचा मागचा सगळा प्रवास त्याला ठाऊक आहे आणि स्लॅबमधल्या नाण्याचा बहुतेक वेळा कुणालाच नाही.

आता जोगळटेंभीबद्दल बोलू द्या. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगर उमटलेला, ग्रीक अक्षरं चेपलेली. प्रत ठरवणाऱ्याच्या डोळ्यांनी बघाल तर मूळ चित्राची पार नासाडी. पण जवळच्या पांडवलेण्यांतला बलश्रीचा लेख सांगतो, की तिच्या मुलाने, म्हणजे याच गौतमीपुत्राने, क्षहरातांचा वंश उखडून टाकला. आणि इथे त्या विजयाचा पुरावा चांदीत हाती लागतो. हे नातं जुळलं कशामुळे? साठा कुठे सापडला हे माहीत होतं, नाणी मोठ्या संख्येने एकत्र तपासली गेली, आणि रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीच नाणी एकेक करून, गाव न सांगता, वेगवेगळ्या टेबलांवर गेली असती तर आपल्याजवळ चांदीचे काही हजार तुकडे असते.

स्लॅबवरच्या चिठ्ठीत कंपनीचा क्रमांक असतो, नंबर असतो, कधी एखाद्या नामांकित संग्राहकाचं नावही असतं. नाणं ज्या शेतात, ज्या भिंतीत निघालं ते गाव मात्र नसतं. दोष कंपनीचा नाही. गाव तिला कुणी सांगितलेलंच नसतं. का सांगत नाहीत, हेही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा गुप्त साठा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नांगराला साठा लागलेल्या शेतकऱ्याला कचेरीच्या खेपा नको वाटतात, मोडवाला रोख पैसे देतो, आणि गावाचं नाव पहिल्याच व्यवहारात गळून पडतं. त्यात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं ओलांडलेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. बिलात ‘जुनी चांदी’ लिहून परदेशी ग्रेडिंगला पाठवणाऱ्यांनी १९११ चा रुपयाही आता त्या रेषेपलीकडे गेलाय, हे ध्यानात ठेवावं. गंमत म्हणून सांगत नाही.

नवा साठा सापडला तर तो सरकारजमा व्हावा, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. सापडणाऱ्याला मोबदला मात्र लवकर आणि सन्मानाने मिळावा, असा ठराव या संमेलनाने दुपारच्या सत्रात घ्यावा. पण घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या नाण्यांना कुणाची भीती नाही. ती कुठल्या गावच्या घरात, कुणाच्या माहेराहून, कुठल्या वाड्याच्या वाटणीत आली, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून दालनाच्या डाव्या कोपऱ्यात आम्ही एक टेबल ठेवलंय. तिथे विक्री होणार नाही आणि प्रतही ठरवली जाणार नाही. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आहे, फोटो काढायला एक विद्यार्थिनी आहे आणि एक जाड वही आहे. घरातलं नाणं घेऊन या: वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि घराण्याचं नाव न लिहिता फक्त तालुका आणि गाव. घासलेलं चालेल, कडी लावलेलं चालेल. स्लॅबमधलं असेल तर वजन तेवढं सांगून ठेवा, डबी फोडू नका. टेबल दोन वाजता उघडेल. तोवर व्यापाऱ्यांनी जेवून घ्यावं.